आकाशातील धडा, जमिनीवरची उजळणी
प्रशिक्षण विमानाच्या कॉकपिटमधील कॅमेऱ्याचा उपयोग

विद्या कोणतीही असो, ती पुन्हा पुन्हा घोटल्याशिवाय अंगी मुरत नाही. गायनाचा विद्यार्थी चुकला तर गुरुजी त्याला तेथेच अडवतात आणि तीच तान पुन्हा घ्यायला लावतात. फळ्यावरचे गणित चुकले तर पुसून नव्याने मांडता येते. विमान चालविण्याच्या विद्येला मात्र ही सवड नाही. तिचा वर्ग आकाशात भरतो आणि लहानातले लहान प्रशिक्षण विमानदेखील ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेगाने पुढे जात असते. चूक झाली म्हणून विमान जागच्या जागी थांबवून ‘हे पाहा, येथे तुमचे चुकले’ असे सांगण्याची सोय प्रशिक्षकाला नसते. चूक दाखवून द्यावी तोवर पुढची कृती करण्याची वेळ आलेली असते.

एक साधा हिशेब मांडून पाहिला तरी या अडचणीची कल्पना येईल. नवशिक्या वैमानिकाकडून उड्डाण घेणे, विमानतळाला चौकोनी वळसा घालणे आणि पुन्हा त्याच धावपट्टीवर उतरणे ही क्रिया वारंवार करवून घेतली जाते. वैमानिकांच्या भाषेत तिला ‘सर्किट’ म्हणतात. एका सर्किटला साधारण सहा ते सात मिनिटे लागतात. म्हणजे तासाभराच्या धड्यात आठ किंवा नऊ वेळा उतरण्याचा सराव होतो. त्यातही विमान जमिनीलगत आणून, त्याचे नाक अलगद उचलत चाके टेकविण्याचा जो खरा कसोटीचा क्षण, तो जेमतेम दहा सेकंदांचा असतो. तासभराच्या मेहनतीतून, इंधनातून आणि खर्चातून त्या मूळ कौशल्याच्या वाट्याला ऐंशी-नव्वद सेकंद येतात! ही सेकंदे हातची निसटू नयेत, ती जमिनीवर परत आणून शांतपणे पाहता यावीत, या गरजेतून प्रशिक्षण विमानाच्या कॉकपिटमध्ये लहानसा कॅमेरा बसविण्याची पद्धत जगभर रुळत गेली आहे.

भारतात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळविण्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण करावे लागते. हे शिक्षण महाग आहे. अनेक कुटुंबे कर्ज काढून, प्रसंगी जमीनजुमला गहाण टाकून मुलामुलींना ते देतात. त्यामुळे वाया गेलेला प्रत्येक तास घराच्या अर्थकारणाला जाणवतो आणि नीट न पचलेला धडा पुढे प्रवाशांच्या सुरक्षिततेला जाणवू शकतो. महाराष्ट्राचा तर या विद्येशी जुना संबंध आहे. मुंबईत जुहू येथे १९२८ साली बॉम्बे फ्लाइंग क्लबची स्थापना झाली आणि भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना मिळाला. आज बारामती, धुळे आणि गोंदियाजवळील बिरसी येथील धावपट्ट्यांवरून प्रशिक्षण विमाने उडतात आणि ग्रामीण भागातील तरुण-तरुणीही या क्षेत्राकडे वळू लागल्या आहेत. या दृष्टीने कॅमेऱ्याच्या साहाय्याने धड्याची उजळणी कशी करतात, तिचे लाभ कोणते आणि तिच्या मर्यादा कोणत्या, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

स्मरणशक्ती का अपुरी पडते?

पहिल्या काही तासांत विद्यार्थ्याच्या मनावर किती भार असतो, याची कल्पना जमिनीवरील माणसाला सहसा येत नाही. एका हातात नियंत्रणचक्र, दुसऱ्या हातात इंजिनाची शक्ती कमी-अधिक करणारी मूठ आणि पायांखाली सुकाणूचे पट्टे. समोर वेग, उंची व दिशा दाखविणारी उपकरणे, कानांत नियंत्रण मनोऱ्याचे संदेश आणि शेजारी प्रशिक्षकाच्या सूचना. एवढे सर्व एकाच वेळी सांभाळताना काय घडले, कोणत्या क्रमाने घडले आणि त्या वेळी उपकरणाचा काटा कोठे होता, हे लक्षात राहणे कठीण असते. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाऊस यांनी स्वतःवर प्रयोग करून १८८५ साली दाखवून दिले होते की, शिकलेल्या गोष्टीचे विस्मरण सुरुवातीच्या तासांतच सर्वांत वेगाने होते. जी गोष्ट मुळात अर्धवटच ध्यानी आली, तिचे काय होत असेल हे सांगायला नको.

परिणामी उड्डाणानंतरच्या चर्चेत पुष्कळदा दोन निरनिराळी उड्डाणे समोरासमोर येतात. एक प्रशिक्षकाच्या आठवणीतले आणि दुसरे विद्यार्थ्याच्या आठवणीतले. प्रशिक्षक म्हणतात, ‘वेग फार होता’. विद्यार्थ्याला प्रामाणिकपणे वाटते की, वेग बरोबर होता. तो वाद घालत नाही, मान डोलावतो. पण मनातून पटलेले नसते आणि न पटलेली सुधारणा पुढच्या उड्डाणात टिकत नाही. चित्रण समोर असले म्हणजे हा प्रश्न उरत नाही. वेगदर्शकाचा काटा पडद्यावर दिसतो आणि गुरू-शिष्य दोघेही एकाच पुराव्याकडे पाहू लागतात.

जुनी कल्पना, नवे साधन

उड्डाणाचा धडा कागदावर किंवा फिल्मवर उतरवून घेण्याची कल्पना आजची नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश वैमानिकांना हवाई नेमबाजी शिकविण्यासाठी थॉर्न्टन-पिकार्ड कंपनीने बनविलेली ‘कॅमेरा-बंदूक’ वापरली जाई. दिसायला ती लुईस मशीनगनसारखी असे. परंतु चाप ओढला की गोळी न सुटता छायाचित्र निघे. विमान उतरल्यावर फिल्म धुऊन पाहिली की, नेम लागला असता की हुकला असता हे विद्यार्थ्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसे.

त्याच काळात, १९१७ साली, इंग्लंडमधील गॉस्पोर्ट येथे रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी वैमानिक प्रशिक्षणाची शिस्तबद्ध पद्धत घालून दिली. उघड्या विमानाच्या वाऱ्यात आणि इंजिनाच्या आवाजात प्रशिक्षकाचे बोलणे शिष्याच्या कानी पडावे म्हणून तेथे एक साधी बोलनळी वापरात आली आणि ती ‘गॉस्पोर्ट नळी’ या नावाने प्रसिद्ध झाली. गुरूचा शब्द आकाशातच शिष्यापर्यंत पोहोचण्याची सोय झाली, पण तो शब्द पुन्हा ऐकण्याची सोय अजून व्हायची होती.

पुढे १९२९ साली अमेरिकेत एडविन लिंक यांनी जमिनीवरच विमान चालविण्याचा सराव देणारे यंत्र तयार केले. त्यांच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. त्या वाद्यांतील भात्यांचाच उपयोग करून त्यांनी हे यंत्र हालते-डुलते केले. त्याला जोडलेले एक छोटे चाकांचे साधन प्रशिक्षकाच्या मेजावरील नकाशावर फिरत असे आणि विद्यार्थ्याने कोणत्या मार्गाने ‘उड्डाण’ केले त्याची शाईची रेघ मागे सोडीत असे. त्याच्या चालीवरून त्याला ‘खेकडा’ असे नाव पडले होते. ती शाईची रेघ म्हणजे उड्डाणाच्या धड्याची जणू पहिली वहीच म्हणता येईल.

विमानातील आवाज आणि उपकरणांच्या नोंदी टिकवून ठेवण्याच्या कार्याला वेगळी दिशा मिळाली ती कॉमेट या जेट प्रवासी विमानांच्या अपघातांमुळे. त्यांपैकी एक अपघात २ मे १९५३ रोजी कलकत्त्याजवळ घडला होता. या अपघातांच्या चौकशीत सहभागी झालेले ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ डेव्हिड वॉरन यांनी वैमानिकांचे संभाषण व उपकरणांच्या नोंदी पोलादी तारेवर मुद्रित करणारे यंत्र सुचविले आणि तयारही केले. आजच्या ‘ब्लॅक बॉक्स’चा तो पूर्वज होय. मात्र ब्लॅक बॉक्स उघडला जातो तो मुख्यतः दुर्घटना किंवा गंभीर प्रसंगानंतर. धड्याचे चित्रण रोजच्या, सुखरूप उतरलेल्या उड्डाणासाठी आहे. चूक लहान असतानाच ती ओळखून दूर करणे हा त्याचा हेतू असतो.

गेल्या काही दशकांत तळहातावर मावणारे, धक्के सहन करणारे आणि रुंद भिंगाचे कॅमेरे सामान्यांच्या आवाक्यात आले. पूर्वी जे काम केवळ लष्कराला किंवा मोठ्या संस्थांना परवडत असे, ते त्यामुळे छोट्या फ्लाइंग क्लबलाही शक्य झाले.

कॅमेरा कोठे आणि कसा?

कॅमेऱ्याची जागा धड्याच्या हेतूवरून ठरते. डोंगरदऱ्यांचे विहंगम दृश्य टिपायचे असेल तर तो खिडकीकडे रोखला जाईल, पण त्यातून विद्यार्थी काही शिकणार नाही. शिक्षणासाठी सर्वांत सोयीची जागा म्हणजे दोन्ही आसनांच्या मध्ये, किंचित मागे आणि डोक्याच्या उंचीवर. तेथून एकाच चौकटीत तीन गोष्टी दिसाव्या लागतात : समोरचा उपकरण फलक, विद्यार्थ्याचे हात आणि काचेपलीकडील क्षितिज व धावपट्टी. या तिन्हींचा परस्परसंबंध दिसला तरच चित्रणाला अर्थ येतो. नाक वर गेले तेव्हा वेग किती होता आणि हात काय करीत होते, हा खरा प्रश्न असतो.

यात पहिली अडचण प्रकाशाची येते. बाहेर लख्ख ऊन आणि आत काळसर फलक, अशा स्थितीत कॅमेरा बाहेरच्या उजेडाशी जुळवून घेतो आणि उपकरणे अंधारात बुडतात. आतल्या अंधाराशी जुळवून घेतल्यास बाहेरचे क्षितिज पांढरे होऊन नाहीसे होते. म्हणून प्रकाशाचे मोजमाप जमिनीवरच तपासून, दोहोंमधील मध्यम प्रमाण ठरवून घेणे इष्ट असते.

दुसरी गंमत पंख्याची. चित्रणात विमानाचा फिरता पंखा पुष्कळदा कोयत्यासारखा वाकलेला, तर कधी तुकडे होऊन हवेत तरंगताना दिसतो. प्रथम पाहणाऱ्याला धक्का बसतो, परंतु यात विमानाचा काही दोष नसतो. बहुतेक लहान कॅमेरे संपूर्ण चित्र एका क्षणी टिपत नाहीत, ते ओळीमागून ओळ असे वाचत जातात. मिनिटाला २,४०० फेरे घेणारा पंखा सेकंदाला ४० वेळा फिरतो. कॅमेऱ्याला एक चित्र वाचायला सेकंदाचा शंभरावा भाग लागला तरी तेवढ्यात पाते जवळजवळ अर्धा फेरा पुढे गेलेले असते. वरच्या ओळीत ते एका जागी आणि खालच्या ओळीत दुसऱ्याच जागी सापडते, म्हणून ते वाकडे भासते. भिंगावर राखाडी काच लावून उजेड कमी केला की कॅमेरा प्रत्येक चित्रासाठी अधिक वेळ घेतो आणि पंख्याची आकृती पुसट होऊन डोळ्यांना खुपेनाशी होते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची बाब आवाजाची. केवळ कॅमेऱ्याच्या स्वतःच्या ध्वनिग्राहकावर विसंबल्यास चित्रणात इंजिनाच्या घरघरीशिवाय फारसे काही ऐकू येत नाही. त्यासाठी वैमानिकांच्या हेडसेटमधील संभाषण एका जोडतारेने थेट कॅमेऱ्यात घेतले जाते, किंवा हेडसेटच्या कानपाळीत एक छोटा ध्वनिग्राहक बसविला जातो. असे केल्याने प्रशिक्षकाची सूचना, विद्यार्थ्याचे उत्तर आणि नियंत्रण मनोऱ्याचा संदेश हे तिन्ही आवाज स्पष्ट उमटतात. अनुभवी प्रशिक्षकांच्या दृष्टीने चित्राइतकेच, किंबहुना त्याहून अधिक मोल या आवाजाचे असते. मनोऱ्याने दिलेला आदेश विद्यार्थ्याने जसाच्या तसा परत उच्चारला की नाही, हे त्यातून निःसंशय कळते.

सुरक्षितता सर्वप्रथम

विमानात नेलेली प्रत्येक सुटी वस्तू संभाव्य धोका असते, हा नियम कॅमेऱ्यालाही लागू आहे. ९ फेब्रुवारी २०१४ रोजी ब्रिटिश हवाई दलाचे व्हॉयेजर हे मोठे विमान अफगाणिस्तानकडे जात असताना काळ्या समुद्रावर अचानक खाली झेपावले आणि अर्ध्या मिनिटाच्या आत ४,४०० फूट उंची गमावून बसले. चौकशीत कारण निघाले ते असे : कप्तानाचा छायाचित्रणाचा कॅमेरा आसनाचा हातटेका आणि बाजूची नियंत्रणदांडी यांच्या फटीत होता. आसन पुढे सरकविताच कॅमेऱ्याने दांडी पुढे रेटली. विमानात १९८ माणसे होती. सुदैवाने विमान सावरले, पण अनेक जण जखमी झाले.

या घटनेचा बोध असा की, कॅमेरा घट्ट बसलेला असावा आणि त्याला एक सुरक्षा दोरीही बांधलेली असावी, म्हणजे पकड सुटली तरी तो पायांखाली किंवा नियंत्रणांत जाऊन अडकणार नाही. त्याने वैमानिकाची दृष्टी, दरवाजा अथवा कोणतेही उपकरण अडवता कामा नये. चुंबकीय पकड किंवा विद्युत साधन होकायंत्राजवळ असेल तर काटा विचलित होतो, म्हणून त्यापासून अंतर राखावे लागते. विदर्भातील किंवा खानदेशातील मे महिन्याच्या उन्हात बंद विमान भट्टीसारखे तापते. अशा उष्णतेत काचेला हवेच्या दाबाने चिकटणारी रबरी वाटी सुटण्याचा संभव असतो आणि लिथियमची विद्युतघटेही धोक्यात येतात. ती विमानात ठेवून जाणे योग्य नव्हे. कॅमेरा कायमचा बसवायचा, विमानाच्या सांगाड्याला भोक पाडायचे किंवा विमानाच्या वीजपुरवठ्याला जोडायचे असेल, तर तो विमानातील फेरबदल ठरतो आणि त्यासाठी सक्षम अभियंत्याची तपासणी व रीतसर मान्यता आवश्यक असते.

याहून सूक्ष्म धोका मनाचा आहे. कॅमेरा समोर आहे या जाणिवेने माणूस कॅमेऱ्यासाठी वागू लागतो. ३१ मे २०१४ रोजी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात वॉटकिन्स गावाजवळ सेस्ना १५० जातीचे छोटे विमान रात्रीच्या वेळी कोसळून वैमानिक व प्रवासी असे दोघे मृत्युमुखी पडले. अवशेषांत सापडलेल्या लहान कॅमेऱ्यात त्याआधीच्या उड्डाणांचे चित्रण होते. त्यात विमानातील माणसे भ्रमणध्वनीवर स्वतःची छायाचित्रे काढताना दिसत होती. अपघाताच्या उड्डाणातही असेच लक्ष विचलित होऊन ताबा सुटला असावा, असा निष्कर्ष तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने काढला. म्हणून जाणते प्रशिक्षक एक साधा दंडक पाळतात. इंजिन सुरू करण्यापूर्वी कॅमेरा चालू करावयाचा आणि इंजिन बंद झाल्यावरच त्याला पुन्हा हात लावावयाचा. मध्यंतरी तो बंद पडला, वाकडा झाला किंवा त्याचे विद्युतघट संपले, तरी त्याकडे ढुंकूनही पाहावयाचे नाही. चित्रण हुकले तर काही बिघडत नाही, विमानावरचे लक्ष हुकता कामा नये.

कायद्याची बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. शासकीय विमानतळावर तसेच उडत्या विमानातून लेखी परवानगीशिवाय छायाचित्रण करण्यास १९३७ च्या विमान नियमांनी मनाई केली. पुढे प्रवाशांना विमानात बसून खासगी छायाचित्रण करण्याची सवलत मिळाली. परंतु प्रवाशाला मिळालेली सवलत विमान चालविणाऱ्यालाही आपोआप मिळाली, असे गृहीत धरता येणार नाही. १९३४ च्या विमान अधिनियमाची जागा आता भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली असून तो १ जानेवारी २०२५ पासून अंमलात आला आहे. तेव्हा प्रशिक्षण संस्थेची संमती आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे त्या वेळी लागू असलेले नियम पाहूनच कॅमेरा लावणे श्रेयस्कर. जेथे संरक्षण दलांची आस्थापने आहेत, त्या विमानतळांवर तर याबाबत विशेष दक्षता घ्यावी लागते.

उजळणीची रीत

चित्रण केले म्हणजे शिक्षण झाले, असे मात्र नाही. तासाभराचे चित्रण सुरुवातीपासून अखेरपर्यंत पाहत बसणे कंटाळवाणे तर असतेच, शिवाय त्यातून नेमके काही हाती लागत नाही. उतरल्याबरोबर प्रशिक्षकाने व विद्यार्थ्याने प्रथम चित्रण न पाहताच, या धड्यातील कोणत्या दोन-तीन जागा पुन्हा पाहावयाच्या ते ठरवावे. विद्यार्थ्याने आपल्या मते तेथे काय घडले हे आधी सांगावे आणि मग पडदा पाहावा. आठवण आणि वस्तुस्थिती यांत जे अंतर पडते, तेथेच खरे शिक्षण दडलेले असते. आपण कोठे चुकलो हे विद्यार्थ्याने स्वतः ओळखले, तर प्रशिक्षकाला फारसे बोलावे लागत नाही.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या विद्यार्थ्याचे विमान उतरताना वारंवार उसळते. त्याला वाटते की, शेवटच्या क्षणी नाक उचलण्यात आपली चूक होते. तो त्याच एका कृतीवर मेहनत घेतो, पण सुधारणा होत नाही. चित्रण मागे नेत पाहिले असता असे दिसते की, धावपट्टीच्या रेषेत आल्यावर जेथे वेग ६५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १२० किलोमीटर असायला हवा, तेथे तो ७५ आहे. आणखी मागे गेले तर कळते की, शेवटचे वळण उशिरा घेतल्याने उंची जास्त राहिली आणि ती उतरविण्यासाठी त्याने नाक खाली दाबले, त्यामुळे वेग वाढला. वाढलेल्या वेगाने विमान जमिनीवर टेकण्यास तयार नव्हते आणि बळेच टेकविताच ते उसळले. शेवटच्या दहा सेकंदांत दिसलेली चूक दोन मिनिटे आधी जन्मली होती. फळ धावपट्टीवर पडले, पण मूळ त्या वळणात होते. आकाशात ही साखळी उलट दिशेने तपासता येत नाही, पडद्यावर ती येते. कॅमेऱ्याचे सर्वांत मोठे दान कोणते असेल तर ते हेच.

दुसरा लाभ थोडा अनपेक्षित आहे. पुष्कळदा विमान सफाईने उतरते आणि विद्यार्थ्याला वाटते की आपल्याला जमले. चित्रणात मात्र दिसते की, अखेरच्या क्षणी प्रशिक्षकाच्या दोन बोटांनी नियंत्रणचक्र हलकेच मागे ओढले होते. प्रशिक्षकालाही त्याची जाणीव नसते, सवयीने हात पुढे गेलेला असतो. विद्यार्थी एकट्याने उड्डाण करण्यास तयार झाला आहे की नाही, हे ठरविताना अशा दोन बोटांचे महत्त्व किती आहे, हे सांगण्याची गरज नाही.

कॅमेरा शिकवणाऱ्यालाही शिकवितो, तो असा. आपण एकाच वेळी चार सूचना दिल्या, विद्यार्थी मनोऱ्याशी बोलत असतानाच आपणही बोललो, शांत राहावयास हवे होते तेथे आवाज चढविला, या गोष्टी प्रशिक्षकाला स्वतःच्या ध्वनिमुद्रणातून समजतात. घरी गेल्यावर विद्यार्थी तेच चित्रण पुन्हा पाहू शकतो. संदेशांची भाषा, तपासणी यादीचा क्रम, कोणत्या खुणेवर वळावयाचे याची उजळणी करण्यास त्याला इंधनाचा एक थेंबही जाळावा लागत नाही.

भिंगाच्या मर्यादा

तथापि, या साधनाकडून भलत्या अपेक्षा ठेवणे धोक्याचे ठरेल. रुंद भिंगामुळे वस्तू असतात त्याहून लहान आणि दूर भासतात. म्हणून चाके टेकण्यापूर्वी जमीन नेमकी किती फूट खाली आहे, याचा अंदाज चित्रणावरून बांधणे चूक होय. तो अंदाज डोळ्यांनी, आणि तोही प्रत्यक्ष धावपट्टीवरच शिकावा लागतो. विमान हवेत तरंगण्याची क्षमता गमावू लागते तेव्हा हाताला जाणवणारा सैलपणा, वळणात आसनावर येणारा दाब, बाजूच्या वाऱ्यात शरीराला कळणारी घसरण, यांपैकी काहीही पडद्यावर उमटत नाही. विद्यार्थ्याचे डोळे कोठे पाहत होते हेही मागे बसविलेल्या कॅमेऱ्याला दिसत नाही. फार तर मानेची दिशा कळते. शिवाय पडद्यावर आपलेच उड्डाण पाहताना सारे सोपे वाटू लागते. कारण आता हातांत नियंत्रणे नसतात आणि मनावर भार नसतो. हे सोपेपण म्हणजे कौशल्य नव्हे. चित्रण हे अधिकाधिक उजळणीचे पुस्तक आहे. गुरूची जागा ते घेऊ शकत नाही.

चित्रण कोणासाठी?

शेवटी प्रश्न उरतो तो विश्वासाचा. मोठ्या प्रवासी विमानांच्या कॉकपिटमध्ये दृश्य नोंद करणारे यंत्र बसवावे, अशी शिफारस अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २००० साली केली होती. वैमानिकांच्या संघटनांनी तिला खासगीपणाच्या मुद्द्यावर विरोध केला. १२ जून २०२५ रोजी अहमदाबाद येथे झालेल्या भीषण विमान अपघातानंतर ही चर्चा पुन्हा जगभर सुरू झाली. अपघाताच्या चौकशीत मिळालेले कॉकपिटमधील ध्वनिमुद्रण जपून हाताळावे, ते अन्य कारणासाठी सहजासहजी उघड करू नये, असा संकेत आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांतही आहे. त्यामागील तत्त्व प्रशिक्षण विमानालाही तितकेच लागू पडते. आपले बोलणे-वागणे उद्या आपल्याच विरुद्ध वापरले जाईल अशी भीती असेल, तर माणूस मोकळेपणाने बोलत नाही. आणि जो विद्यार्थी ‘मला हे समजले नाही’ असे आकाशात मोकळेपणाने म्हणू शकत नाही, तो धोक्यात असतो.

म्हणून चित्रण सुरू करण्यापूर्वीच काही गोष्टी स्पष्ट असाव्यात. प्रशिक्षक व विद्यार्थी या दोघांचीही त्याला संमती असावी. ते कोण पाहणार, किती दिवस ठेवणार आणि केव्हा पुसणार, हे ठरलेले असावे. विद्यार्थ्याची फजिती इतरांना दाखवून हसे करणे, शिक्षेचा आधार म्हणून ते वापरणे किंवा लोकांची वाहवा मिळविण्यासाठी त्याचे प्रदर्शन मांडणे, या तिन्हींमुळे त्याचा शैक्षणिक उपयोग संपतो. चुका करण्याची मुभा असते म्हणूनच तो धडा असतो.

विमान वाहतुकीचा विस्तार वेगाने होत असून देशाला येत्या काळात मोठ्या संख्येने वैमानिक लागणार आहेत. नवी विमाने आणि नव्या धावपट्ट्या यांइतकीच गरज आहे ती शिक्षणाच्या चांगल्या रीतींची. कॉकपिटमधील छोटा कॅमेरा हे त्यांपैकी एक नम्र आणि अल्पखर्ची साधन आहे. तो योग्य जागी, योग्य परवानगीने आणि योग्य हेतूने लावला, तर आकाशात दहा सेकंदांत निसटलेला क्षण जमिनीवर हवा तितका वेळ थांबवून पाहता येतो. त्या थांबलेल्या क्षणापुढे गुरू आणि शिष्य शेजारी बसून विचार करू लागले की, पुढच्या उड्डाणाची खरी तयारी सुरू होते.